भिवरेचा गदगा

एका राज्यात माणसांपेक्षा तलवारी जास्त झाल्या, त्या वेळची ही गोष्ट. राज्याचे नाव विचारू नका. ज्यांना ते ठाऊक होते, त्यांनी ते पुन्हा उच्चारायचे नाही असे ठरवले आणि ठरवलेले पाळले.

तिथे रणधवल नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि भित्र्या राजाच्या दारात मांत्रिक यायला वेळ लागत नाही. एके दिवशी लोहाक्ष नावाचा मांत्रिक उंटांचा तांडा घेऊन आला. उंटांवर तलवारी होत्या. त्या बोथटत नव्हत्या, गंजत नव्हत्या, आणि त्यांचा नेम चुकत नव्हता.

"मोल काय?" राजाने विचारले.

"काही नाही," लोहाक्ष म्हणाला. "माझ्या लोखंडाची एकच शपथ आहे. उगारले ते पडलेच पाहिजे. ती शपथ मान्य करा आणि तलवारी घ्या."

तलवार उगारायची ती मारायलाच, असा राजाने विचार केला. फुकटचे ते पौष्टिक, असे म्हणत त्याने पहिली तलवार स्वतःच्या हाताने उचलली. बाकीच्या शहाण्यांनी मान डोलावली. राजा जेव्हा चुकतो तेव्हा मान डोलावणाऱ्यांची कधी वाण पडत नाही.

त्या नगरात येलोजी वस्तादांची तालीम होती. तिथे येणाऱ्याला पहिले हत्यार मिळे ते गदगा. आतून वेत, त्यावर कापसाची गादी, वरून शिवलेले कातडे आणि मुठीला दोरा. त्याला धार नाही, टोक नाही. नवे शिष्य हसत. वस्ताद हसू देत, आणि मग पहिला धडा सांगत: "पुरा जोर लावून वार कर आणि समोरच्याच्या कातडीला लागायच्या आत थांबव. मारता कोणालाही येतं. बैलही मारतो."

तालमीच्या दोन रीती होत्या. पहिली ही की ज्याचा गदगा त्यानेच करायचा. वेत त्याने आणायचा, गादी त्याने भरायची, कातडे त्याने शिवायचे. दुसरी रीत सलामीची. लढतीआधी समोरच्याच्या हत्याराला बोटे लावून ती कपाळाला लावायची. समोर मित्र असो की वैरी, वस्ताद सलामी दिल्याशिवाय कधी उभे राहिले नव्हते.

वस्तादांची सर्वांत चपळ आणि सर्वांत वांड शिष्या होती भिवरा. तिचा वार विजेसारखा निघे, पण थांबत मात्र नसे. कोणाचे मनगट सुजले, कोणाच्या खांद्याचे हाड निखळले. गदगा करायलाही तिला धीर नव्हता. वेत तासता तासता तिने इतके मोडले की शेवटी वस्तादांनीच तिला एक करून दिला. आयुष्यात त्यांनी केलेली ती एकच हयगय, आणि ती केवढी होती ते भिवरेला पुढे कळायचे होते.

"वस्ताद, मला तलवार कधी?" भिवरा रोज विचारी.

"आज नाही," वस्ताद रोज सांगत.

मग दवंडी पिटली. जो मागेल त्याला लोहाक्षाची तलवार, आणि लाकडी हत्यारांची होळी. तालीम रिकामी झाली. कालपर्यंत ज्यांना नीट पवित्रा घेता येत नव्हता, ते आज कमरेला तलवार लावून चौकात फिरू लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! भिवरा मात्र गेली नाही. तलवार तिलाही हवीच होती, रात्रंदिवस हवी होती. पण घ्यायची तर वस्तादांच्या हातून, नाहीतर नाही. हट्टी होती, दुसरे काय.

हळूहळू शपथ कळू लागली. दोन मित्रांनी गमतीने तलवारी उपसल्या आणि दोघेही पडले. शिपायाने भुंकणाऱ्या कुत्र्यावर धाक म्हणून तलवार उगारली आणि कुत्र्याबरोबर स्वतःच्या पायाची बोटे गमावली. मग असे झाले की तलवार मुठीतून सुटेचना. बोटे काळी पडली, थंड पडली, लोखंडाची झाली. लोखंड मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून खांद्याकडे चढू लागले. ज्याच्या काळजापर्यंत पोहोचे तो जागच्या जागी पुतळा होई. हात ज्याच्या लोखंडाचा झाला त्याला हुकूम लोहाक्षाचा. राजवाड्याच्या चौकात मोठी ऐरण होती. तिच्यावर बसून लोहाक्ष राज्य करू लागला, आणि राजा नुसता नावाला उरला.

येलोजी वस्ताद आपल्या शिष्यांना परत आणायला राजवाड्याच्या दरवाजाशी गेले. तिथे त्यांचाच जुना शिष्य पहाऱ्यावर होता.

"बाजूला हो," वस्ताद म्हणाले.

"हुकूम नाही, वस्ताद," तो रडत म्हणाला. त्याचा हात आपोआप वर येत होता.

"मग ये समोर," वस्ताद म्हणाले, आणि तेवढ्या घाईतही त्यांनी वाकून त्याच्या तलवारीला बोटे लावली आणि सलामी दिली. दुसऱ्या कोणी असले काही केले नसते. पण जन्मभराची रीत बोटांत होती, डोक्याला विचारायला ती थांबली नाही. बोटे लोखंडाला चिकटली ती चिकटलीच. तलवार शिष्याच्या मुठीतून निखळून वस्तादांच्या मुठीत आली आणि लोखंड त्यांच्या म्हाताऱ्या मनगटात भराभर चढू लागले.

त्याच दिवशी शिपाई तालमीत आले. भिवरेने गदगा पाठीमागे धरला.

"टाक होळीत," शिपाई म्हणाला.

"टाकत नाही."

चौघांनी मिळून तो हिसकावला आणि जाळात फेकला. वेत तडतडला, कातडे आक्रसले. भिवरा जाळाकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी आले ते तिने पुसले नाही.

"हा जाळा," ती म्हणाली. "मी दुसरा करीन."

तालमीमागच्या माळावर एक टिटवी राहत असे. आभाळ कोसळले तर पेलता यावे म्हणून टिटव्या पाय वर करून झोपतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आजवर आभाळ कोसळले नाही, तेव्हा त्यांचे काम चोख आहे असेच म्हणावे लागेल. भिवरा माळावर येऊन बसली तेव्हा टिटवी उताणी पडून पाय ताणत होती.

"पोरी, रडतेस की चिडतेस?" टिटवीने विचारले.

"दोन्ही. वस्ताद मला परत हवेत."

"मग ऐक. लोहाक्षाची शपथ त्याच्या ऐरणीत आहे. उगारले ते पडलेच पाहिजे. त्या ऐरणीसमोर कोणी पुऱ्या जोराने, खरोखर मारायला वार उगारला आणि आपल्या मर्जीने थांबवला, तर शपथ खोटी पडेल. नाटकी वार चालणार नाही, लोहाक्षाला तो कळतो. लोखंडाचे हत्यारही चालणार नाही. थांबण्यासाठी जन्मलेले हत्यार एकच आहे."

"गदगा," भिवरा म्हणाली आणि मान खाली घातली. "पण मला थांबवता येत नाही."

"ते मला ठाऊक आहे. तुझे वार मी इथून मोजत आले आहे," टिटवी म्हणाली. "वेत आण मारक्या वेतबनातला. कातडे आण काळकड्यावरच्या घोरपडीचे. मुठीचा दोरा ज्याने पहिली तलवार उचलली त्याच्या मुंडाशाचा, आणि तो त्याने आपल्या हाताने द्यायला हवा. लोखंड कशालाही लावू नकोस. आणि लवकर कर. वस्तादांचे लोखंड खांद्याशी आले आहे."

"तू एवढीशी, आणि आभाळ पेलायला निघतेस," भिवरा उठत म्हणाली. "मग मी का बसू?"

मारक्या वेतबनात शिरणाऱ्याला वेत झोडपतात. भिवरेने वाटेवरची फांदी मोडून घेतली आणि बनात शिरताच दणादण मारत सुटली. तिने एक मारला की तिला दोन बसत. ती चिडली, अधिक मारू लागली. वेतही अधिक मारू लागले. पाठ, पोटऱ्या, दंड सगळे सुजले. दोनदा ती बनाबाहेर फेकली गेली. तिसऱ्यांदा तिने फांदीच टाकून दिली आणि मधोमध जाऊन उभी राहिली.

"मारा किती मारायचे ते," ती म्हणाली. "वेत घेतल्याशिवाय मी जायची नाही."

वेतांनी मारले. ती हलली नाही. तेव्हा सगळ्यांत जुना वेत वाकला, ताणला आणि सणसणत तिच्या कपाळावर आला. भिवरेने डोळे मिटले नाहीत. वेत कपाळाशी आला आणि थांबला. फक्त वारा लागला, पापणीचा केस हलला. इतकी वर्षे वस्ताद जो वार सांगत होते तो आपल्या कपाळावर घेतल्यावर तिला पहिल्यांदा कळला. किती भय असते त्यात, आणि किती माया, हेही कळले.

"आम्हांला येते," वेत म्हणाला. "तुलाही येईल." मग तो आपला आपण मुळासकट सुटून तिच्या हातात आला.

वाटेत सावरीचा कापूस उडत होता, तो तिने ओंजळभर गोळा केला. गादीचे काम तेवढ्यात झाले.

काळकडा सरळ उभा. त्याच्या कपाळावर घोरपड चिकटून होती आणि तिची टाकलेली कात शेजारच्या कपारीत वाळत होती.

"माझी पकड सुटेपर्यंत तू कड्याला धरून राहा," घोरपड म्हणाली. "राहिलीस तर कात तुझी."

घोरपडीची पकड कधी सुटत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. भिवरा तरी चढली आणि लोंबकळली. ऊन तापले. बोटांतून रक्त आले. तिने मुठी आणखी आवळल्या आणि बोटे आणखी लवकर थकली.

"वेडी आहेस," घोरपड शेवटी म्हणाली. "आवळतेस म्हणून दमतेस. धरणे वेगळे, आवळणे वेगळे. आवळलेली मूठ फक्त दोन गोष्टी करू शकते, मारू शकते किंवा सुटू शकते. सैल कर. आणखी सैल. हां, आता तू धरलेस."

भिवरेच्या हातात बळ परत आले. आता ती संध्याकाळपर्यंतही राहिली असती. घोरपडीने तिच्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिले, एक पाय कड्यावरून उचलला आणि कान खाजवला.

"सुटली माझी पकड," ती म्हणाली. "बघतेस काय? घे आणि नीघ."

तिसरे काम राजाकडचे. पहारा सगळा लोहाक्षाच्या चौकाला; नावाच्या राजाकडे जाणाऱ्या पोरीला कोणी अडवले नाही. दरबारात राजा रणधवल एकटा बसला होता. उजवा हात खांद्यापर्यंत काळा, मुठीत तलवार. तो डाव्या हाताने जेवत होता. दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला खांबाआडून त्याची लहान मुलगी त्याच्याकडे बघत होती, कारण त्याहून जवळ यायची तिला परवानगी नव्हती.

"कोण तू? काय हवे?" राजाने विचारले.

"मी येलोजी वस्तादांची भिवरा. महाराजांच्या मुंडाशाचा एक दोरा हवा."

"कशाला?"

"गदग्याच्या मुठीला."

"गदगा करायला बंदी आहे."

"ठाऊक आहे."

"तुझी मान उडवू शकतो मी."

"उडवू शकता," भिवरा म्हणाली. "उगारलीत की पडेलच. न उगारणे तेवढे अजून महाराजांच्या हाती आहे."

राजाने खांबाआडच्या मुलीकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "ती झोपेतून उठून धावत आली होती. मी दचकलो. हात वर गेला. राणीने तिला ओढले म्हणून ती वाचली. तेव्हापासून मी तिला कडेवर घेतलेले नाही." असे बोलून तो रडला, आणि डोळे पुसायलाही त्याच्याकडे एकच हात होता.

त्याने डाव्या हाताने मुंडासे उतरवले, दाताने दोरा ओढून काढला आणि आपल्या हाताने भिवरेला दिला. भित्र्या माणसाचे ते पहिले धाडस होते, आणि ते लहान नव्हते.

भिवरा दोरा घेऊन बाहेर आली आणि राजवाड्याच्या पायरीवरच, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, मांडी घालून बसली. दगडावर वेत घासला, कापूस गुंडाळला. बाभळीच्या काट्याने भोके पाडून घोरपडीची कात तिच्याच पट्टीने शिवली आणि मुठीला राजाचा दोरा गुंडाळला. एकदा गादी जाड झाली म्हणून उसवले. एकदा तोल टोकाकडे गेला म्हणून पुन्हा उसवले. जिला कधी धीर नव्हता तिने दोनदा उसवून तीनदा शिवले.

"हे काय चालले आहे?" पहारेकऱ्याने दरडावले.

"गदगा करते आहे. जा, सांग तुझ्या धन्याला. मला त्याचीच गाठ घ्यायची आहे."

तिला चौकात नेले. ऐरणीवर लोहाक्ष बसला होता. त्याचे डोळे लोखंडाचे होते, पापण्या नव्हत्या. भोवती शिपाई उभे होते, त्यांतले अर्धे पुतळे झालेले.

"मुली, या खेळण्याने काय करणार?" लोहाक्ष म्हणाला.

"माझे वस्ताद परत नेणार."

"मग लढ आणि ने," लोहाक्ष म्हणाला आणि त्याने बोट हलवले. गर्दीतून येलोजी वस्ताद चालत आले. उजवा हात, खांदा आणि अर्धी छाती काळी. काळजापर्यंत आता चार बोटांचे अंतर उरले होते. त्यांना बोलता येत नव्हते.

भिवरा त्यांच्यासमोर आली. त्यांच्या तलवारीला तिने बोटे लावली नाहीत. जन्माची रीत तिने त्या दिवशी मोडली. आपला गदगा आडवा धरून तिने पुढे केला आणि वाट पाहिली. वस्तादांचा डावा हात अजून माणसाचा होता. तो उठला, गदग्याला लागला, शिवण चाचपून बघत क्षणभर रेंगाळला आणि कपाळाला टेकला. सलामी झाली.

मग तलवार सुटली. वार असा की दगडी फरशी दुभंगली. भिवरा उडी मारून बाजूला झाली. दुसरा वार खांबावर पडला, खांब तुटला. उगारलेला प्रत्येक वार पडत होता, आणि दर वाराबरोबर छातीतले लोखंड पुढे सरकत होते.

"बघतेस काय?" लोहाक्ष ओरडला. "याच म्हाताऱ्याने तुला तलवार नाकारली. दारातल्या कुत्र्यालाही तलवार मिळाली, तुला नाही. रोज तुझे नाक कापले याने. मार!"

ते खोटे नव्हते, म्हणून ते लागले. आज नाही, आज नाही, आज नाही. सगळ्या नकारांचा राग भिवरेच्या दंडात एकवटला. वस्तादांनी तलवार डोक्यावर नेली आणि त्यांची डावी बाजू उघडी पडली. भिवरेने गदगा उगारला. तो वार नाटकी नव्हता. कानशिलात बसता तर माणूस उठला नसता, आणि त्या क्षणी तिला तो मारायचाच होता.

गदगा निघाला. पण हा गदगा तिने स्वतः केला होता. कापूस कुठे जाड, शिवण कुठे दुहेरी, तोल कुठे, टोकाला भार किती, हे सगळे तिच्या बोटांना ठाऊक होते. दुसऱ्याने करून दिलेल्या गदग्यात तिला हे कधी सापडले नव्हते. तो नुसता जात असे. हा तिचे ऐकत होता. तिने आवळले नाही. नुसते धरले.

गदगा वस्तादांच्या कानशिलाशी थांबला. त्यांचा एक पांढरा केस हलला.

"मार!" लोहाक्ष किंचाळला. "उगारले ते पडलेच पाहिजे!"

"नाही," भिवरा म्हणाली. "तुझे पडत असेल. माझे माझ्या हातात आहे."

वरून वस्तादांची तलवार तिच्या मानेवर येत होती. ती बाजूला झाली असती तर हात हलला असता आणि थांबवलेला वार थांबलेला राहिला नसता. ती हलली नाही. तेवढ्यात ऐरण मधोमध तडकली. शपथ खोटी पडली होती, आणि खोट्या शपथेवर लोखंड किती वेळ टिकणार? तलवार तिच्या मानेपर्यंत पोहोचली ती नुसता गंज होऊन. खांद्यावर लाल भुकटी सांडली, एवढेच.

चौकभर तलवारी गळून पडू लागल्या. काळे हात तांबूस झाले. पुतळ्यांनी श्वास घेतला, खोकले, आणि घरी काय शिजले असेल याची चौकशी करू लागले. लोहाक्ष ऐरणीवर बसला होता तिथे गंजाचा एक ढीग उरला. वारा आला आणि तोही गेला. राजवाड्यात धावत्या लहान पावलांची थाप ऐकू आली, आणि मग राजाचे मोठमोठ्याने हसणे की रडणे, ते कोणाला नीट सांगता आले नाही.

येलोजी वस्ताद फरशीवर बसले होते. त्यांनी उजव्या हाताची बोटे उघडून मिटून पाहिली. मग भिवरेचा गदगा हातात घेतला, उलटसुलट केला, शिवणीवर नख फिरवले. भिवरेचा जीव डोळ्यांत आला होता.

"शिवण बरी आहे," ते म्हणाले. "पण वार जरा लवकर थांबवलास. आणखी एक केसभर पुढे चालला असता."

भिवरा हसली. हसता हसता तिने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि तिथेच पोटभर रडून घेतले. वस्ताद तिच्या डोक्यावर नुकताच परत मिळालेला हात फिरवत राहिले.

"वस्ताद," शेवटी ती म्हणाली, "मला तलवार कधी?"

वस्तादांनी आपल्या कमरेचा शेला सोडला. तालमीच्या आढ्यात दडवलेली, लोहाक्षाच्या येण्याआधीची, साध्या लोहाराने घडवलेली एक तलवार होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या नगरासमोर त्यांनी ती त्या शेल्यावर ठेवून तिला दिली. भिवरेने ती कपाळाला लावली आणि दुसऱ्या हातातला गदगा मात्र खाली ठेवला नाही.

त्या दिवशी तालमीच्या दारात मोठी रांग लागली होती. सगळे शिपाई होते, आणि रांगेच्या शेवटी मुलीला कडेवर घेऊन राजा रणधवल.

"आम्हांला गदगा हवा," राजा म्हणाला.

"मिळत नाही," भिवरा म्हणाली. "करावा लागतो. वेतबन त्या बाजूला आहे, महाराज. मार खायची तयारी ठेवा."

राजा गेला, आणि सुजलेल्या पाठीने पण स्वतःचा वेत घेऊन परत आला. त्या राज्यात पुढे हत्यारे उगारली गेली नाहीत असे नाही, पण थांबवता येणाऱ्यांनीच ती उगारली. टिटवी अजून पाय वर करून झोपते. आभाळ जागेवर आहे तोवर तुम्हीही निवांत झोपा.